गरम आसने, जुन्या मोटारींतील

मोटारीच्या आसनाच्या कव्हराखाली, फोमच्या वर, रोधक तारेची पातळ चादर बसवून ती बॅटरीच्या विजेवर तापवण्याची सोय. बोलण्यात ‘हीटेड सीट’ किंवा ‘सीट हीटर’. मोटारीचा नेहमीचा हीटर इंजिनाच्या तापलेल्या पाण्यावर चालतो. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत सुरुवातीची काही मिनिटे तो गार हवाच फेकतो. आसनातली तार मात्र लगेच ऊब देऊ लागते. म्हणून ही सोय रुजली ती स्वीडन, कॅनडा यांसारख्या बर्फाळ देशांत. महाराष्ट्र-गोव्याच्या हवेत मागणी उलट, गादीतून हवा खेळवणाऱ्या ‘व्हेंटिलेटेड’ आसनांना.

जनरल मोटर्सच्या रॉबर्ट बॅलार्ड यांनी १९५१ मध्ये अशा आसनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ते १९५५ मध्ये मंजूर झाले. कॅडिलॅकने १९६६ च्या मॉडेलांत जादा पैसे मोजणाऱ्यांना ही सोय देऊ केली. तिला ऐषआरामाच्या यादीतून बाहेर काढले ते साब या स्वीडिश कंपनीने. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिच्या मोटारींत चालकाचे आसन मुळातच तापणारे येऊ लागले. गादी पुरेशी थंड असली की थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार वीज जोडणारा-तोडणारा स्विच, आपोआप प्रवाह सुरू करी.

रचना अगदी साधी आहे. बैठकीत एक चादर, पाठीत दुसरी, बैठकीत थर्मोस्टॅट, आणि वाटेत फ्यूज, स्विच, बहुधा एक रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच. दोन पायऱ्यांच्या स्विचमागे बरेचदा केवळ जोडणीची अदलाबदल असते. दोन्ही चादरींचा रोध प्रत्येकी ४ ओहम धरला, तर १२ व्होल्टवर समांतर जोडणीत ६ अँपिअर प्रवाह वाहून ७२ वॅट उष्णता मिळते; एकसर जोडणीत १.५ अँपिअर आणि अवघे १८ वॅट. एकसर जोडणीत एक चादर तुटली की दोन्ही गार पडतात, हे बिघाड शोधताना ध्यानात ठेवावे लागते.

बिघाड विजेचा दिसला तरी त्याचे मूळ बहुतेक वेळा यांत्रिक असते. तार झिजत नाही, दुमडून तुटते. आसनावर गुडघा टेकून मागच्या सीटवरचे सामान ओढले, की शरीराचा बराचसा भार वीतभर जागेवर येतो. चढता-उतरता ज्या कडेवरून माणूस घसरतो ती बाहेरची कडही अशीच लवकर जाते. चालकाचे आसन शेजारच्या आसनाआधी का बिघडते, याचे उत्तर यातच आहे.

तपासाची सुरुवात मात्र कव्हर उसवून करू नये. आधी फ्यूज, मग रिले, मग आसनाखालचा कनेक्टर. आसन पुढे-मागे सरकताना तिथल्या तारा ताणल्या जातात, शिवाय ओल्या बुटांचे पाणी तिथेच साचते. कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने चादरीचा रोध मोजावा. काही ओहम दाखवले तर चादर शाबूत. काहीच जोड दिसला नाही तर तार तुटलेली किंवा थर्मोस्टॅट उघडा, म्हणजे त्याने प्रवाह तोडलेला. इथे फसगत होते ती उन्हाळ्यात. गादी आधीच उबदार असल्याने थर्मोस्टॅट उघडा असणारच, आणि चांगला भाग बदलला जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ भरून ती थर्मोस्टॅटच्या जागी काही वेळ ठेवावी आणि पुन्हा मोजावे. दुसरा चकवा गंजलेल्या अर्थिंगचा, म्हणजे मोटारीच्या सांगाड्याला जोडलेल्या परतीच्या वाटेचा. भार नसताना मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, चादर जोडली की दाब कोसळतो. म्हणून व्होल्टेज नेहमी चादर चालू असतानाच पाहावे.

पूर्ण गार पडलेले आसन निरुपद्रवी असते. भीती आहे ती अर्धवट तुटलेल्या तारेची. अनेक पेडांपैकी थोडेच शिल्लक राहिले की सगळा प्रवाह त्या अरुंद जागेतून जातो आणि तेवढाच ठिपका भाजून निघतो. कव्हरवर तपकिरी डाग पडतो, कधी आरपार भोक. असा डाग दिसताच फ्यूज काढून ठेवणे हा पहिला उपाय, दुरुस्ती नंतर. तुटीची नेमकी जागा थर्मल कॅमेऱ्याने चटकन सापडते.

नायक्रोमसारख्या (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या) तारेवर साधे डाखकाम धरत नाही, आणि धरले तरी सांध्याशेजारची तार ताठ होऊन तिथेच पुन्हा तुटते. दाबून बसवायची धातूची नळी, म्हणजे क्रिंप, त्यापेक्षा बरी. बसण्याच्या मुख्य भागात तर सांधा देऊच नये, चादरच बदलावी. जुन्या मॉडेलची मूळ चादर मिळेनाशी झालेली असते, म्हणून कार्बन फायबरची सर्वसाधारण चादर वापरतात. दोन कडांच्या पट्ट्यांमध्ये समांतर धागे असलेली चादर लांबीत कापता येते. एकाच लांब तारेची वळणे असलेली कापली की संपली. कव्हर फोमला पकडणाऱ्या हॉग रिंगा पक्कडीने काढाव्या लागतात, आणि जुना फोम बोटांत भुगा होण्याची तयारी ठेवावी लागते.

मुळात सोयच नसलेल्या मोटारीत ती घालताना आधी विजेचा हिशेब करावा. इंजिनावर फिरून वीज बनवणारा आजचा अल्टरनेटर येण्याआधीच्या काळातील ब्रिटिश मोटारींतला ल्युकास कंपनीचा सी-४० डायनॅमो जेमतेम २२ अँपिअर देतो. हेडलाइट आणि वायपर चालू असताना दोन आसनांचे १०-१२ अँपिअर त्याला झेपत नाहीत. ६ व्होल्टच्या मोटारीत १२ व्होल्टची चादर चौथा हिस्साच तापते. अर्थिंग बॅटरीच्या धन टोकाला असलेल्या मोटारीत नुसत्या तारेला फरक पडत नाही, पण इलेक्ट्रॉनिक नियंत्रक जळू शकतो. वीज रिलेमार्फत, बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज देऊन घ्यावी, आणि रिले किल्लीवर चालावा. नाहीतर विसरलेले आसन रात्रीत बॅटरी रिकामी करते.

१९९० च्या दशकानंतरच्या अनेक मोटारींत आसनाच्या कुशीत एअरबॅग असते. तिची जोडणी बहुधा पिवळी. बॅटरी सोडून काही मिनिटे थांबल्याशिवाय तिला हात लावू नये आणि तिच्यावर ओहममीटर कधीही लावू नये. शेजारच्या आसनात प्रवासी ओळखणारा सेन्सर असेल, तर त्यावर वेगळी चादर अंथरणे टाळावे.

मधुमेहाने किंवा मणक्याच्या दुखापतीने कमरेखालची संवेदना गेलेल्यांना आसन जास्त तापल्याचे कळतच नाही. अशा भाजण्याच्या घटनांमुळे २०११ मध्ये अमेरिकेत सुरक्षा-कार्यकर्त्यांनी वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे कमाल तापमान बांधून देण्याची मागणी केली. जुन्या आसनांत थर्मोस्टॅट हा एकच अडसर असतो. त्याचे संपर्क चिकटले तर तापमानाला लगाम उरत नाही. म्हणून बसवणारे जाणकार सोबत वीसेक मिनिटांनी प्रवाह तोडणारा टायमर रिलेही जोडतात.