घोड्याची नाळ, कुत्र्याचा सांधा

घोडी व्याली की शिंगराची नाळ बहुधा आपसूक तुटते. पुढे वार पडते आणि दोन्हींची रवानगी खड्ड्यात होते. युरोपात मात्र अशाच नाळेपासून जनावरांसाठी औषध बनतं.

नाळेतल्या रक्तवाहिन्यांभोवती बुळबुळीत गर असतो. इंग्लिश वैद्य थॉमस व्हार्टन यांनी १६५६ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो 'व्हार्टन्स जेली'. नाळेला पीळ पडला तरी रक्तवाहिन्या दबू नयेत यासाठी तो असतो. या गरात मेसेन्कायमल स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी घडू शकतात अशा एक प्रकारच्या मूळ पेशी, सापडतात. त्या अस्थिमज्जेतही असतात, पण तिथून काढायच्या तर घोड्याच्या छातीच्या हाडात सुई घालावी लागते. शिवाय म्हाताऱ्या जनावराच्या पेशींना जोम कमी. नाळ घेताना ना घोडीला दुखतं, ना शिंगराला. सांभाळायचं ते तबेल्यातल्या जंतूंपासून.

सांध्याच्या झिजेने लंगडणाऱ्या घोड्यांसाठी युरोपीय संघाने २०१९ मध्ये 'हॉर्स्टेम' या औषधाला परवानगी दिली. घोड्याच्या नाळेतल्या सुमारे दीड कोटी पेशी एका इंजेक्शनने थेट सांध्यात सोडतात. त्यानंतर आलं कुत्र्यांसाठीचं 'डॉगस्टेम', आणि त्यातल्या पेशीही घोड्याच्याच!

घोड्याच्या पेशी कुत्र्याच्या सांध्यात कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, कशा बनणार? त्या बनतच नाहीत, आणि मला या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. प्रयोगशाळेच्या बशीत या पेशींपासून हाड, कूर्चा, चरबी घडवता येते, त्यामुळे शरीरातही त्या झिजलेली जागा भरून काढतील अशी सुरुवातीला आशा होती. प्रत्यक्षात टोचलेल्या पेशी फार काळ टिकत नाहीत. पण तेवढ्या अवधीत त्या प्रोस्टाग्लँडिन ई२ सारखी द्रव्यं सोडतात, सांध्यात खवळलेल्या रोगप्रतिकारक पेशी त्यांनी शांत होतात आणि दाह उतरतो. परक्या पेशी ओळखण्याच्या काही खुणाही त्यांच्या अंगावर कमी असतात, म्हणून दुसऱ्या प्राण्याचं शरीर त्यांच्यावर लगेच तुटून पडत नाही.

तरीही इंजेक्शननंतर सांधा काही काळ सुजू शकतो. आणि मान्यता आहे ती वेदना व लंगडणं कमी करण्यासाठी. तुमच्या कुत्र्याची झिजलेली कूर्चा पुन्हा नवी होईल असं कुणी छातीठोक सांगितलं, तर पैसे देण्याआधी त्याचा पुरावा मागा.