लाइन गेली तरी लक्षात ठेवणारा पेरोव्हस्काइट

आमच्याकडे गावात लाइन कधी जाईल याचा काही नेम नाही, सेतू केंद्रात अर्धा फॉर्म भरून झाला अन् लाइन गेली की सेव न केलेलं सगळं गेलं, कारण रॅमला लक्षात ठेवायला सतत करंट लागतो. मेमरिस्टर नावाच्या इलेक्ट्रॉनिक पार्टला तो लागत नाही. त्याच्यातून आधी कोणत्या दिशेनं किती करंट गेला तसा त्याचा रेझिस्टन्स बदलतो अन् लाइन गेल्यावरही तसाच राहतो, तीच त्याची मेमरी. असा पार्ट असायला पाहिजे हे इंजिनिअर लिऑन चुआ यांनी 1971 मध्ये गणितानं मांडलं, 2008 मध्ये एचपी लॅबच्या टीमनं टायटॅनियम डायऑक्साइडचा बनवून दाखवला.

आता हा मेमरिस्टर पेरोव्हस्काइटचाही बनवतात. पेरोव्हस्काइट म्हणजे एका ठरावीक स्फटिक रचनेचे पदार्थ, नाव घेतलं की आपल्याला सोलार आठवते. त्या पॅनलमध्ये एक मोठी कटकट आहे, आतले आयोडाइडचे आयन, म्हणजे चार्ज असलेले आयोडीनचे अणू, जागा सोडून सरकतात. मला सगळ्यात भारी वाटते ते हेच, की सोलारवाल्यांची ही डोकेदुखी मेमरीवाल्यांच्या कामाची निघाली! व्होल्टेज दिलं की आयन हलतात, त्यांच्या रिकाम्या जागांची एका इलेक्ट्रोडपासून दुसऱ्यापर्यंत बारीक साखळी तयार होते अन् रेझिस्टन्स एकदम उतरतो, उलटं व्होल्टेज दिलं की साखळी तुटते. शिवाय ही फिल्म द्रावणातून, साधारण 100 अंशांवर बनते.

साखळी थोडी थोडी जाडही करता येते. मेंदूतल्या जोडण्या अशाच, धुऱ्यावरून जाणंयेणं वाढलं की पायवाट जशी पक्की होते तशा. मेंदू हे सगळं 20 वॅटच्या आसपास भागवतो, अन् आपल्या कॉम्प्युटरची बरीच पॉवर डेटा मेमरीतून प्रोसेसरकडे नेण्याआणण्यातच जाते. एआयचं बरंच काम गुणाकार अन् बेरजेचंच. मेमरिस्टरच्या जाळीत गुणाकार ओहमच्या नियमानं (व्होल्टेज अन् रेझिस्टन्सवरून करंट ठरतो) जागेवरच होतो अन् तारेवर करंट एकत्र येऊन बेरीज आपोआप.

पऱ्हाटीत बोंडअळीचे सापळे लावतात, त्यातले पतंग फोटोवरून मोजणं एआयला जमते, पण मॉडेल मोठं असलं की ते सर्व्हरवर चालवा लागते अन् वावरात रेंज नसते. कमी पॉवरची अशी चिप मोबाइलातच बसली तर किती काम सोपं होईल!

पण हा पेरोव्हस्काइट ओल सहन करत नाही, उष्णतेनंही बिघडतो, अन् त्यात शिसं असते, ते मातीत उतरलेलं कोणाला चालणार नाही. शिशाऐवजी कथील, बिस्मथ वापरून पाहणं चालू आहे, कथील मात्र हवेत लवकर खराब होते. म्हणून स्पीडच्या आकड्यांपेक्षा मी आधी हे पाहीन, की मे महिन्यातल्या 45 अंशांत अन् नंतरच्या झडीत त्या चिपला किती दिवस आठवते.