गोबी मासे: जशी पकड, तशी ओळख

ओहोटीनंतर खडकांत उरलेल्या डबक्यात बोटाएवढा मासा सुळकन पुढे सरकला आणि तळाला चिकटून बसला, तर तो गोबी असण्याची शक्यता मोठी. गोबींच्या प्रजाती दोन हजारांच्या आसपास आहेत. चिखलावर उड्या मारणारी निवटी त्यांच्याच गोतावळ्यातली. समोरचा मासा गोबी आहे हे चटकन कळतं, पण नेमका कोणता हे ठरवताना जाणकारही अडतात. या ओळखीचा इतिहास पाहिला की एक गोष्ट लक्षात येते: मासा कशाने पकडला, यावर त्याच्यात काय दिसलं हे ठरत गेलं.

ॲरिस्टॉटलच्या लिखाणात किनाऱ्यालगतच्या माशांमध्ये गोबी येतो. त्याची नेमकी खूण नोंदवली ती स्वीडनचा मत्स्यअभ्यासक पेटर आर्टेडीने. १७३५मध्ये, जेमतेम तिशीत, तो ॲम्स्टरडॅमच्या कालव्यात बुडून गेला. त्याची हस्तलिखितं त्याचा मित्र, निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनियसने १७३८मध्ये छापली नसती, तर हे काम त्याच्याबरोबरच संपलं असतं. ती खूण अशी: पोटाखालचे दोन्ही पर जुळून त्यांची एकच वाटी झालेली असते. या वाटीने मासा दगडाला धरून राहतो. अजूनही हीच खूण सर्वांत आधी पाहावी. काळ्या समुद्राच्या परिसरातला गोल गोबी जहाजांच्या भारपाण्यातून (तोल सांभाळायला टाक्यांत भरलेल्या पाण्यातून) उत्तर अमेरिकेत पोहोचला आणि १९९०मध्ये सेंट क्लेअर नदीत सापडला. तिथल्या स्कल्पिन माशांपासून तो वेगळा ओळखायला गळ टाकणाऱ्यांना हेच सांगितलं गेलं की मासा उलटा करा आणि पोटाखालचे पर जुळलेत का पाहा.

कुळ ओळखायला वाटी पुरते, प्रजाती ओळखायला नाही. एकोणिसाव्या शतकात बहुतेक नमुने तळ खरवडणाऱ्या जाळ्यांतून यायचे आणि मद्यार्काच्या बरणीत जायचे. तिथे रंग उडून जातो. मग परांतले काटे आणि अंगावरचे खवले मोजायचे, आणि ते आकडे जवळच्या प्रजातींत सर्रास एकसारखे निघतात. वाळूतल्या फिकट गोबींचा गोंधळ यामुळेच फार काळ रेंगाळला.

वाट सापडली ती डोक्यावर. गोबींच्या अंगावर इतर माशांसारखी पार्श्वरेषा, म्हणजे पाण्याची हालचाल टिपणारी बाजूची रेषा, नसते. ते काम करणारे सूक्ष्म उंचवटे त्यांच्या डोळ्यांखाली आणि गालांवर रांगांनी मांडलेले असतात. ही मांडणी प्रजातीगणिक बदलते आणि बरणीतही टिकते. लुइजी सान्झो या इटालियन अभ्यासकाने १९११मध्ये वर्गीकरणासाठी तिचं मोल दाखवून दिलं. जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांनी १९६३मध्ये गोबींच्या खांद्याच्या हाडावर निबंध लिहिला आणि पुढे डोक्यावरच्या या रांगांचाही अभ्यास केला. सम्राटपदावर असतानाही त्यांनी हे काम सोडलं नाही. इतक्या लहान माशाला इतकी निष्ठा मिळावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसरा बदल पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांनी घडवला. फ्रान्सच्या कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३मध्ये पाण्याखाली श्वास घ्यायचं उपकरण बनवलं आणि जाळं कधीच पोहोचलं नसतं अशा कपारी माणसाला दिसू लागल्या. बिबट्यासारखे ठिपके असलेला एक गोबी १८३९पासून माहीत होता, पण ब्रिटनच्या किनाऱ्यावर तो अतिदुर्मिळ मानला जाई. पाणबुडे उभ्या कड्यांच्या भेगांत डोकावू लागले, तेव्हा तो तिथे चांगलाच रुळलेला निघाला.

कपारीतला मासा दिसला तरी बाहेर कसा काढायचा? डेरिस वनस्पतीच्या मुळांतलं रोटेनोन हे विष वापरलं की लपलेले मासे बाहेर येत, पण आसपासचं सगळंच मरे. नंतर क्विनाल्डिन हे गुंगीचं रसायन आलं, मग लवंगतेल. अभ्यासकांनी हे परवानगीनेच वापरायचं असतं, हौशी माणसाने तर नाहीच.

हौशी माणसाला हातजाळं पुरतं. जाळं तळाला टेकवून माशाच्या पुढ्यात धरायचं आणि हात मागून हळू पुढे न्यायचा. गोबी पुढेच झेप घेतो. गळ असेल तर अगदी लहान आकडा आणि किड्याचा तुकडा तळावर ठेवावा. मासा पारदर्शक डब्यात समुद्राच्याच पाण्यात ठेवून बाजूने फोटो घ्यावा, पाठीवरचे दोन्ही पर उभारलेले असताना आणि गाल स्पष्ट दिसेल असा. मग तो जिथे सापडला त्याच दगडापाशी सोडावा.