भूकंपाने पाडले, भट्टीने संपवले

एक हजार किलो संगमरवर चुनाभट्टीत नीट भाजला की ५६० किलो कळीचा चुना हाती येतो. बाकीचे ४४० किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी आज एकच उभे आहे, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण दगड नाहीसा कसा होतो, हे मात्र शाळेत कोणी सांगत नाही. भूकंप इमारत पाडतो हे खरे, पण पडलेला ढिगारा असतो तिथेच. तो कोण उचलतो आणि कशासाठी, यावर त्या वास्तूचे पुढे काय होणार ते ठरते. आणि ते बरेचसे तिच्या बांधकामातच लिहिलेले असते. जो माल पुन्हा उपयोगी पडतो तो आधी जातो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा तुर्कस्तानातल्या बोद्रुम या बंदरात आहे. याचे जुने नाव हॅलिकार्नासस. इथला राजा मॉसोलस इ.स.पू. ३५३ मध्ये वारला. त्याची बहीण आणि राणी आर्टेमिसिया हिच्या काळात त्याची कबर उभी राहत होती. ही कबर सात आश्चर्यांपैकी एक. रोमन लेखक प्लिनीच्या वर्णनानुसार तिची उंची १४० फूट होती. भोवती ३६ खांब, त्यांवर २४ पायऱ्यांचा निमुळता होत जाणारा माथा आणि अगदी वर संगमरवरी चार घोड्यांचा रथ. भव्य कबरीला आज ‘मॉसोलियम’ म्हणतात, ते याच राजाच्या नावावरून. बांधकामाचा गाभा हिरवट ज्वालामुखीजन्य दगडाचा आणि दर्शनी भाग संगमरवराचा होता. दगडांतला हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावरच घडले.

मध्ययुगातल्या भूकंपांनी इमारत कोसळली. १५व्या शतकाच्या सुरुवातीला सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे एका ख्रिस्ती लढाऊ पंथाच्या योद्ध्यांनी, शेजारीच समुद्रकाठी किल्ला बांधायला घेतला. किल्ल्याला दगड लागतो आणि दगड सांधायला चुनाही लागतो. १५२२ साली ऑटोमन सुलतान सुलेमानच्या हल्ल्याच्या भीतीने किल्ल्याची डागडुजी चालली होती, त्या वेळची हकीकत क्लोद गिशार या फ्रेंच लेखकाने १५८१ मध्ये लिहून ठेवली आहे. चुन्यासाठी दगड शोधणाऱ्या सरदारांना शेतात पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या दिसल्या. ते खणत गेले आणि आत कोरीव काम केलेल्या दालनात पोहोचले. त्यांनी ते कोरीव काम आधी कौतुकाने पाहिले आणि मग फोडले.

ते का फोडले, हे चुना भाजण्याच्या कामातून कळते. संगमरवर म्हणजे जवळपास शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसून तापतो, फुटतो आणि विरतो. ५६० किलो कळीच्या चुन्याचे पाणी पिऊन ७४० किलो विरवलेला चुना होतो. मात्र उष्णता दगडाच्या आत सावकाश शिरते. मोठा ठोकळा भट्टीत टाकला तर त्याची साल भाजते आणि पोट कच्चे राहते. आच जास्त झाली तर चुना नीट विरत नाही, गिलाव्यात मागाहून फुगतो आणि पोपडे येतात. म्हणून दगडाचे लहान, सारख्या आकाराचे तुकडे करून भट्टी रचावी लागते. पुतळ्याचा हात, नाक, वस्त्राची चुणी, खांबावरची नक्षी हे सगळे फोडायला सोपे असते. म्हणजे शिल्पकाराने जिथे सर्वांत जास्त मेहनत घेतली, तोच भाग भट्टीसाठी सर्वांत सोयीचा ठरला.

हिरवट दगड भाजून चुना होत नाही. तो सरळ किल्ल्याच्या भिंतीत गेला आणि आजही तिथे ओळखता येतो. ग्रीक आणि पुराणकथांतल्या लढवय्या ॲमेझॉन स्त्रियांच्या लढाईचे काही संगमरवरी शिल्पपट दिसायला सुंदर म्हणून भिंतींत बसवले गेले आणि त्यामुळेच भट्टीतून वाचले. १८४६ मध्ये ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ चार्ल्स न्यूटनने १८५७ च्या सुमाराला इथे खोदकाम केले, तेव्हा मॉसोलसचा म्हणून ओळखला जाणारा सुमारे ३ मीटर उंचीचा पुतळा तुकड्यातुकड्यांत सापडला. तो उत्तरेकडच्या कुंपणभिंतीपलीकडे पडून मातीखाली गेला होता. चुना भाजणाऱ्यांच्या नजरेस पडला नाही, एवढेच त्याचे नशीब.

आपल्या वेरुळ-घारापुरीच्या लेण्यांना भट्टीची ही भीती कधीच नव्हती. सह्याद्रीचा बेसॉल्ट मुख्यतः सिलिकेट खनिजांचा असतो, तो कितीही भाजला तरी चुना होणार नाही. शिवाय कैलास लेणे एकसंध कातळातून कोरलेले आहे. त्यात जोड नाहीत आणि जोड नसल्यामुळे त्यांत धातूही नाही. ही दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे.

ग्रीक मंदिरांच्या भिंतींत दगडांच्या मध्ये चुना नसे. शेजारच्या दोन दगडांत खाच पाडून तिच्यात लोखंडी पट्टी बसवत आणि वरून वितळलेले शिसे ओतत. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणून हे काम साध्या आगीवर जागेवरच होई. शिशाचा उपयोग दुहेरी असे. लोखंडापर्यंत हवा-पाणी पोहोचू देत नसे आणि स्वतः मऊ असल्याने भूकंपाचा हादरा सोसत असे. लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ धातूच्या कितीतरी पट होते आणि आतून दगड चिरतो. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावर हे प्रत्यक्ष घडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जीर्णोद्धारात निकोलाओस बालानोस यांनी शिशाशिवाय साधे लोखंड वापरले. काही दशकांतच संगमरवर तडकू लागला आणि आता तिथे टायटॅनियम बसवावे लागते आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे कारागीर या बाबतीत जास्त जाणकार होते, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

पण तेच शिसे आणि लोखंड पुढे वास्तूच्या जिवावर उठले. मध्ययुगात धातू महाग होता. लोक सांध्याच्या जागी दगड पोखरून पट्ट्या काढत. रोमच्या कोलोसियमवर देवीच्या व्रणांसारखी दिसणारी भोके बहुतेक याचीच आहेत. पट्ट्या गेल्या की इमारत लगेच पडत नाही, पण पुढचा धक्का सोसण्याची ताकद गेलेली असते.

जिथे सगळी वास्तूच धातूची, तिथे शेवटी काहीच उरत नाही. ऱ्होड्स बेटावरचा सूर्यदेवाचा पुतळा, कोलोसस, लिंडोसच्या कॅरिसने १२ वर्षांत घडवला. उंची ७० हात, म्हणजे सुमारे ३३ मीटर. इ.स.पू. २२६ च्या सुमाराच्या भूकंपात तो गुडघ्यांतून मोडला. तेव्हा तो जेमतेम पाऊणशे वर्षांचाही नव्हता. फिलो या ग्रीक लेखकाच्या नावावर असलेल्या जुन्या वर्णनात ५०० टॅलेंट ब्राँझ आणि ३०० टॅलेंट लोखंड लागल्याचे म्हटले आहे. टॅलेंट हे जुने ग्रीक वजन सुमारे २६ किलोचे धरले तर १३ टन ब्राँझ आणि ८ टनांच्या आत लोखंड. आता हिशेब करून पाहू. माणसाच्या अंगाचे क्षेत्रफळ साधारण पावणेदोन चौरस मीटर असते. तेवढ्याच प्रमाणात ३३ मीटरचा माणूस केला तर साडेसहाशे चौरस मीटरच्या वर जाते. त्यावर १३ टन ब्राँझ पसरले तर जाडी भरते जेमतेम २ मिलिमीटर. एवढे पातळ ओतकाम या आकाराला करणे फार अवघड आहे. आकडा खरा असेल तर तो ठोकून घडवलेला पत्रा असणार.

न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीचा तांब्याचा पत्राही २.४ मिलिमीटरच जाड आहे आणि तिच्या आत लोखंडी सांगाडा होता. तांबे आणि लोखंड खारट ओलाव्यात एकमेकांना टेकले की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि लोखंड झपाट्याने गंजते. मध्ये घातलेले निरोधक अस्तर टिकले नाही. गंज फुगून रिबिटे उपटली गेली आणि १९८४ ते १९८६ या काळात लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. कोलोससही ब्राँझ आणि लोखंडाचा, तोही समुद्रकाठचा. म्हणजे भूकंप आला तेव्हा त्याच्या आतले लोखंड पहिल्या दिवसाइतके मजबूत नक्कीच नसणार.

पडलेला पुतळा तसाच ठेवला गेला. इ.स. ६५३ च्या सुमारास अरब सैन्याने बेट घेतले, तेव्हा ब्राँझ एका व्यापाऱ्याला विकले आणि ते वाहून न्यायला ९०० उंट लागले, अशी कथा बायझंटाइन इतिहासकार थिओफेनिस सांगतो. धातूचे वरचे आकडे घेतले तर प्रत्येक उंटावर २३ किलो भार येतो. उंट सहज दीडशे-दोनशे किलो वाहतो. उंटांचा आकडा फुगवलेला असावा, हे उघड आहे. आणि पावणेनऊशे वर्षे एवढे ब्राँझ उघड्यावर कोणी हात न लावता पडून राहिले, हेही पटण्यासारखे नाही.

इफेसस इथल्या आर्टेमिसच्या मंदिराने आग, गॉथ लोकांचा हल्ला आणि शेवटी दगडांची लूट हे सगळे सोसले. संगमरवराला आग वेगळ्याच तऱ्हेने लागते. कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने प्रसरण पावतो आणि तिच्या काटकोनात आकसतो. त्यामुळे कण एकमेकांपासून सुटतात. छताची लाकडे जळतात आणि खाली खांब ठिसूळ होतात. पुढे मंदिराचा पाया नदीच्या गाळाने सुमारे ६ मीटर खोल गाडला. ब्रिटिश संशोधक जे. टी. वूड १८६३ पासून शोधत होता, त्याला तो १८६९ च्या शेवटच्या दिवशी सापडला. आज त्या दलदलीत सापडलेल्या तुकड्यांचा रचलेला एक खांब उभा आहे.

गिझाचा मोठा पिरॅमिड टिकला, कारण तो आधीच ढिगाऱ्याच्या आकाराचा आहे. पडायला त्याला जागाच नाही. तरी त्याचा भारी माल गेलाच. कैरोजवळच्या तुरा इथल्या खाणीतला पांढरा, घासून गुळगुळीत केलेला चुनखडक बाहेरून बसवला होता. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ पेट्रीने त्याचे सांधे मोजले तेव्हा फट सरासरी अर्धा मिलिमीटर भरली. ८ ऑगस्ट १३०३ च्या भूकंपाने हे दगड सैल झाले आणि कैरोच्या इमारतींत गेले. म्हणून १४६.६ मीटरचा पिरॅमिड आज सुमारे १३८.५ मीटर आहे.

त्याच भूकंपाने अलेक्झांड्रियाचा दीपस्तंभही खिळखिळा केला. प्रवासी इब्न बतूता १३२६ मध्ये तिथे गेला तेव्हा एक बाजू ढासळलेली होती. १३४९ मध्ये परत गेला तर आत जाता येत नव्हते. १४७७ मध्ये सुलतान काइतबेने त्या जागेवर किल्ला बांधायला घेतला. पण दीपस्तंभाच्या दाराला अस्वानचा ग्रॅनाइट वापरला होता. ग्रॅनाइट भाजून चुना होत नाही, फोडायला कठीण, आणि एकेक ठोकळा ७०-८० टनांचा. हे दगड समुद्रात पडले आणि कोणी उचलले नाहीत. १९९४ पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जाँ-इव्ह एंपेरर यांच्या पाणबुड्या पथकाने त्यांची मोजदाद केली. २०२५ मध्ये त्यांतले २२ ठोकळे क्रेनने वर काढले: दाराच्या चौकटीच्या बाजू, वरची पाटणी, उंबरठा. त्यांची त्रिमितीय मोजणी करून ते संगणकावर एकमेकांना जुळवले जात आहेत.