सनद, रोजनामा आणि माफीचा अर्ज: अमेरिकेच्या दक्षिणेतला वकील पूर्वज

पूर्वज वकील होता असं कळलं की शोधणाऱ्याला हायसं वाटतं. शेतकऱ्याच्या नावाचा एखादाच कागद सापडायचा, वकील मात्र कागदावरच जगलेला माणूस. आणि खरंच, व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत कुठल्याही काउंटीच्या (म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कोर्टातली एकोणिसाव्या शतकातली बाडं उघडली, तर तो पानोपानी भेटतो. पण भेटतो तो दुसऱ्यांच्या कागदांवर. कुठे वादीचा वकील, कुठे मृत्युपत्राचा साक्षीदार, कुठे अज्ञान मुलांचा पालक, कुठे लिलावात बोली लावणारा. तो जन्मला कुठे, बायको कोणाची मुलगी, आधी कोणत्या गावात होता, याबद्दल ही बाडं गप्प असतात.

जन्मनोंदीचा आधार जवळपास नाहीच. जॉर्जियात राज्यभर जन्म नोंदवायला सुरुवात झाली 1919 साली, साउथ कॅरोलायनात 1915 साली. साउथ कॅरोलायनात तर विवाहाचा सरकारी परवानासुद्धा 1911 पर्यंत लागत नसे, त्यामुळे तिथलं लग्न शोधायचं ते चर्चच्या वहीत, वर्तमानपत्रात किंवा सासऱ्याच्या मृत्युपत्रात.

राहते जनगणना. 1790 ते 1840 पर्यंतच्या सहा जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी सगळे आकडे. 1850 मध्ये पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, जन्माचं राज्य आणि प्रौढ पुरुषांचा धंदा लिहिला गेला. तेव्हा 1820 च्या आसपास जन्मलेला वकील आपल्या नावानिशी समोर येतो तो थेट तिशीत, संसार थाटलेला. धंद्याच्या रकान्यातही फसगत होते: एका जनगणनेत ‘वकील’ असलेला माणूस पुढच्या जनगणनेत ‘प्लँटर’, म्हणजे मोठा मळेवाला, म्हणून दिसतो, कारण जमीन हाती आली की त्या समाजात तीच ओळख वजनदार. नावामागचं ‘कर्नल’ किंवा ‘जज’ही शब्दशः घेऊ नये. ही बिरुदं गाव आपणहून बहाल करी. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे बापलेकच असंही नाही, काका-पुतणे असू शकतात किंवा एकाच गावातले एका नावाचे दोन परके.

वकिलाच्या स्वतःच्या आयुष्यातली पहिली पक्की तारीख बहुधा सनदेची असते. त्या काळी लॉ कॉलेजात जाऊन वकील होणारे थोडे. कनेक्टिकटमधल्या लिचफील्डच्या खासगी शाळेत दक्षिणेतले बरेच तरुण गेले, पुढे देशाचा उपाध्यक्ष झालेला साउथ कॅरोलायनाचा जॉन कॅल्हून त्यांतलाच, पण ती शाळा 1833 मध्ये बंद पडली. टेनेसीतल्या लेबननला कंबरलँडची शाळा 1847 मध्ये निघाली. बाकीचे एखाद्या जुन्या वकिलाच्या कचेरीत बसून इंग्लंडच्या कायद्यावरचे ब्लॅकस्टोनचे खंड वाचत, दाव्यांच्या नकला करत आणि एके दिवशी न्यायाधीशांपुढे तोंडी परीक्षा देत. पुढे टेक्सासचा नेता झालेल्या सॅम ह्यूस्टनने 1818 मध्ये नॅशव्हिलच्या एका कचेरीत जेमतेम सहा महिने असं वाचन केलं आणि लेबननला पाटी लावली. परीक्षा पार पडली की कोर्टाच्या रोजनाम्यात एक ओळ येते: अमुक गृहस्थाने सनद दाखवली, शपथ घेतली, त्यास येथे काम चालवण्याची मुभा. ही ओळ फार मोलाची. ती ज्या काउंटीत सापडते, तिथेच त्याचा गुरू असण्याचा संभव मोठा, आणि गुरूची भाची किंवा मुलगी पुढे त्याची बायको निघाली तर नवल नाही.

त्याच माणसाची अशी ओळ तीन-चार काउंट्यांत सापडते, आणि नवशिके तिथे गोंधळतात. न्यायाधीश ठरलेल्या फेरीने एका काउंटीतून दुसरीकडे जाई आणि वकील घोड्यांवरून त्याच्यामागे. प्रत्येक कोर्टात वेगळी मुभा घ्यावी लागे. म्हणजे चार ठिकाणी नाव असणारा माणूस चार जागी राहत नव्हता, तो फिरतीवर होता. ही फेरी नकाशावर मांडली की त्याचं घर कुठे असेल याचा अंदाज येतो. नकाशा मात्र त्या वर्षाचा हवा. काउंट्या फुटत गेल्या, आज एकट्या जॉर्जियात 159 आहेत, आणि जुनी कागदपत्रं मूळ काउंटीतच राहिली.

त्यात वकील एका जागी टिकेल तर शपथ. कापसाची जमीन पश्चिमेकडे उघडत गेली तसे जमिनीचे तंटेही तिकडे सरकले, आणि तंट्यांमागे वकील: कॅरोलायनातून अलाबामा, तिथून मिसिसिपी, मग टेक्सास. कर्ज बुडवून गेलेल्या ऋणकोच्या नावापुढे ‘जी.टी.टी.’ ही तीन अक्षरं पडत, म्हणजे ‘गॉन टू टेक्सस’. गेलेल्यांत वकीलही असत.

त्याची ऐपत आणि अब्रू कळायची तर एक वेगळंच दालन आहे. न्यूयॉर्कच्या लुईस टॅपनने 1841 मध्ये व्यापाऱ्यांची पत तपासणारी कंपनी काढली, तीच पुढे आर. जी. डन झाली. गावोगावच्या दुकानदारांबद्दल तिला खबर पुरवायचे ते तिथलेच वकील, बदल्यात वसुलीची कामं त्यांच्याकडे येत. या अहवालांचे 2,580 खंड हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहेत. नाटकी भाषा नाही, तुटक शेरे: कर्जात आहे, सासरा श्रीमंत, पितो. मला स्वतःला घराण्याच्या गौरवग्रंथांपेक्षा असे शेरे जास्त विश्वासाचे वाटतात. लिहिणारा शेजारी होता आणि चूक केली तर पैसे बुडणार होते.

मालमत्ता शोधताना बायकोच्या नावाचे कागदही बघावेत. मिसिसिपीने 1839 मध्येच विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता राखण्याचा हक्क दिला. तिच्या नावावरच्या मालमत्तेला नवऱ्याचे सावकार हात लावू शकत नव्हते, आणि हे वकिलाइतकं कोणाला ठाऊक असणार!

मग येतं 1861 ते 1865 चं यादवी युद्ध, संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांचं, आणि कागदांची राख. 3 एप्रिल 1865 च्या पहाटे बंडखोरांची राजधानी रिचमंड सोडताना त्यांच्याच माघारी जाणाऱ्या फौजेने लावलेली आग शहरभर पसरली. सुरक्षित राहावीत म्हणून हॅनोव्हर, मॅथ्यूज, जेम्स सिटी अशा काउंट्यांनी आपली दप्तरं तिथे हलवली होती, ती जळाली. हॅनोव्हरचं जुनं कोर्टघर आजही उभं आहे, हरवली ती त्यातली दप्तरं. अशा ठिकाणी वरिष्ठ कोर्टातली अपिलं कामाला येतात, कारण खालच्या कोर्टाच्या कागदांच्या नकला वर गेलेल्या असत.

पण त्याच वर्षाने वकिलांच्या हातून एक वेगळा कागदही लिहवून घेतला. 29 मे 1865 रोजी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोरांना माफी जाहीर केली, मात्र चौदा वर्ग वगळून. त्यांत वीस हजार डॉलरहून जास्त करपात्र मालमत्तेचे धनी होते, बंडखोर सरकारातले अधिकारी होते. त्यांनी अध्यक्षांकडे वैयक्तिक अर्ज करायचा होता. असे सुमारे पंधरा हजार अर्ज आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जन्मभर अशिलांसाठी दावे आणि कैफियती लिहिणारा माणूस इथे स्वतःचा पक्ष मांडतो: वय काय, पदं कोणती, फुटीला विरोध केला होता की नाही, आता किती उरलं. कागद बोलका आहे, पण तो वकिलाने स्वतःच्या सुटकेसाठी लिहिलाय हे विसरू नये. ‘मी मनातून संघराज्याचाच होतो’ हे वाक्य 1861 च्या वर्तमानपत्राशी ताडून घ्यावं.

माफी मिळाली तरी धंदा परत मिळेलच असं नव्हतं. जानेवारी 1865 च्या कायद्याने केंद्राच्या कोर्टांत वकिली करायला ‘आपण कधीही बंडाला साथ दिली नाही’ अशी शपथ लागे. आर्कान्सासचा ऑगस्टस गार्लंड डिसेंबर 1860 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा वकील झाला होता. पुढे तो बंडखोर काँग्रेसमध्ये बसला आणि जुलै 1865 मध्ये त्याला माफी मिळाली. खोटी शपथ घेणार नाही आणि वकिलीही सोडणार नाही, असं म्हणत त्याने त्याच न्यायालयात दाद मागितली, आणि जानेवारी 1867 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला. म्हणून एखादा पूर्वज 1865 ते 1867 मध्ये केंद्रीय कोर्टात दिसत नसेल तर तो मेला असं लगेच समजू नये. गार्लंड पुढे गव्हर्नर, सिनेटर आणि 1885 मध्ये देशाचा अॅटर्नी जनरल झाला. 26 जानेवारी 1899 रोजी सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडता मांडताच तो कोसळला आणि गेला.

आता ज्या पानांवरून वंशज घाईने पुढे सरकतात त्यांच्याकडे. 1850 आणि 1860 च्या जनगणनांत गुलामांची वेगळी यादी होती. मालकाचं नाव, आणि खाली माणसं: वय, लिंग, रंग. त्यांची नावं जवळपास कुठेच नाहीत. 1860 च्या वैयक्तिक मालमत्तेच्या रकान्यात हीच माणसं डॉलरांत मोजलेली असत, 1870 मध्ये तो आकडा एकदम घसरतो त्याचं हे मोठं कारण. वकिलाचा संबंध तर मालकीपुरताच नव्हता. गहाणखतात गुलाम, वाटणीपत्रात गुलाम, कर्जवसुलीचा लिलाव कोर्टाच्या दारात. मयताच्या मालमत्तेची यादी करताना मात्र नावं लिहावी लागत, नावापुढे किंमत. 1870 च्या जनगणनेत मुक्त झालेल्या बहुतेकांची नावं पहिल्यांदा आली. त्याआधीचा आपला पूर्वज शोधणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना बहुधा याच वकिलांच्या बाडांत शिरावं लागतं. दोन घराण्यांचा शोध एकाच पानावर येऊन थांबतो, एकाची सही खाली, दुसऱ्याचं नाव यादीत.

युद्धानंतरचा ‘दक्षिणेतला वकील’ गोराच असेल असंही धरू नये. चार्ल्सटनमध्ये 1868 च्या सुमारास व्हिपर, इलियट आणि ॲलन यांनी मिळून कचेरी काढली, तिघेही कृष्णवर्णीय. जोनाथन जॅस्पर राइट 1870 मध्ये साउथ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयावर बसला.

1868 पासून मार्टिंडेलची वकिलांची सूची निघू लागली, त्यामुळे पुढची वर्षं गावागणिक तपासता येतात. 1890 ची जनगणना असती तर म्हातारपणही सापडलं असतं, पण 1921 मध्ये वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत लागलेल्या आगीने तिची वाताहत केली, आणि उरलेले कागद सरकारनेच पुढे नष्ट केले. 1880 ला साठीचा असलेला वकील 1900 ला नसतो. मधल्या वीस वर्षांसाठी पुन्हा काउंटीच्या कोर्टातच जायचं, वारसांच्या दप्तरात. तिथे एका बासनात त्याचं स्वतःचं मृत्युपत्र असतं, येणं-देणं असतं, पुस्तकांची यादी असते. यादीत ब्लॅकस्टोन सापडतो, किंमत बहुतेक वेळा डॉलर-दोन डॉलर.