फ्लक्स-लेपित ब्राँझ सळई

फ्लक्स-लेपित ब्राँझ सळई : पोलाद, बीड (ओतीव लोखंड), तांबे इत्यादींचे भाग मूळ धातू न वितळवता ब्रेझ वेल्डिंगने जोडण्यासाठी वापरली जाणारी तांबे-जस्त मिश्रधातूची सळई. तिच्यावर मुख्यतः टाकणखार व बोरिक अम्ल यांच्या अभिवाहाचा (फ्लक्सचा, म्हणजे धातूवरील ऑक्साइड काढून टाकणाऱ्या द्रव्याचा) लेप असतो. ॲल्युमिनियमला ती चालत नाही.

घटकांच्या दृष्टीने ही सळई पितळेचीच होय. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या आरबीसीयूझेडएन-सी या वर्गात तांबे ५६ ते ६० टक्के, कथिल सुमारे १ टक्का, थोडे लोह व मँगॅनीज, ०.०४ ते ०.१५ टक्के सिलिकॉन आणि बाकी जस्त असते. ती ८६६° से.ला वितळू लागते व ८८८° से.ला पूर्ण द्रवरूप होते. शुद्ध जस्त ९०७° से.ला उकळते. मिश्रधातूत त्याची तेवढ्या सहज वाफ होत नाही; तरी आच थोडी वाढली की पांढरा धूर निघतोच, आणि तो छातीत गेल्यास काही तासांनी थंडी-ताप भरतो. सिलिकॉन द्रवावर ऑक्साइडची पातळ साय धरून जस्ताची वाफ अडवते. ज्योत उदासीन किंवा किंचित ऑक्सिडीकारक (ऑक्सिजन थोडा जास्त असलेली) ठेवण्याचे कारणही हेच.

ब्रेझिंग प्राचीन आहे. तीत वितळलेली धातू केशाकर्षणाने बारीक फटीत शिरते. ब्रेझ वेल्डिंगमध्ये ती खाचेत किंवा कोपऱ्यात थर देऊन भरतात. ही रीत ऑक्सि-ॲसिटिलीन बत्तीनंतरची मानली जाते. बत्तीचे श्रेय सामान्यतः फूशे व पिकार या फ्रेंच अभियंत्यांना देतात आणि तिचा काळ साधारण १९०१ ते १९०३ धरतात.

जोड कशाने धरतो याविषयी दोन मते आढळतात. बिडातील ग्रॅफाइटच्या जागी उरलेल्या छिद्रांत पितळ अडकते, हे एक. सीमेवर दोन्ही धातूंचे अणू परस्परांत मिसळतात (विसरण), हे दुसरे. ग्रॅफाइट नसलेल्या पोलादावरही जोड पक्का बसत असल्याने दुसरे अधिक ग्राह्य वाटते.

पंप, इंजिने व यंत्रांचे तडकलेले बिडाचे भाग पुण्याजवळील भोसरीसारख्या भागांतील गॅस वेल्डिंगवाल्यांकडे येतात. तड व्ही आकारात खोदतात, तेल जाळून काढतात, भाग मंद लाल करतात व मगच काडी लावतात. भाग थंड असेल तर पितळेचे मणी होऊन घरंगळतात. आच बरोबर असेल तर ते तेल पसरावे तसे पसरते. काम झाल्यावर भाग कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निववतात. पावसाळ्यात लेप ओल धरतो व वाकवताच झडतो, म्हणून काड्या बंद नळीत ठेवतात.

जोडावर उरलेला काचेसारखा थर गरम पाणी व तारेच्या ब्रशने काढतात. असा जोड सुमारे २६०° से.च्या वर वापरात ठेवू नये. त्याच जागी पुढे वितळजोड (मूळ धातू वितळवून केलेला जोड) करायचा झाल्यास पितळ पूर्णपणे खरवडावे लागते. एरवी तांबे पोलादाच्या कणसीमांत (स्फटिककणांमधील सीमांत) शिरून तडे जातात.