वाडीतलं सोनं आलं कुठनं? (आमच्या पहिल्या रहस्यकथेची पार्श्वभूमी)

आमच्या डिटेक्टिव्ह सिरीजचा पहिला भाग श्रीवर्धनच्या बाजूच्या एका गावात घडतो, गाव काल्पनिक आहे, उगाच शोधत बसू नका. रिसॉर्टच्या टाकीसाठी सुपारीच्या वाडीत जेसीबी लावलाय, आणि खणताना सापळा मिळतो, सोबत कुजलेलं कापडी जाकीट आणि त्यात दहा तोळ्यांची तीन बिस्किटं. दोन दिवसांनी जेसीबीवाला मेलेला. ड्राफ्ट वाचून एक मित्र म्हणाला, सोनं पेशव्यांचं का रे? अरे बाबा, बिस्किटं म्हटल्यावर तरी कळायला हवं होतं!

तर गोष्ट अशी की चीनच्या युद्धानंतर परकीय चलनाची बोंब होती, मोरारजी देसाई अर्थमंत्री होते, १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. सोनारांचे हाल झाले ते झाले, पण १४ कॅरेटचं मंगळसूत्र घालायला कुठली नवरी तयार होणार? १९६८ च्या कायद्याने तर बिस्किटं, लगडी घरात ठेवणंच गुन्हा. तिकडे दुबईत सोनं खुलं आणि इथल्यापेक्षा स्वस्त, मग काय, तिथून गलबतं निघायची, भर समुद्रात माल मचव्यावर घ्यायचा आणि अंधारात आपल्या खाड्यांमध्ये आणायचा, कारण कोकणात खाड्या किती आणि कस्टमवाले किती. एक बिस्कीट ११६.६४ ग्रॅमचं, जाकिटाला कप्पे शिवून अशी शंभर अंगावर घेतली की साडेअकरा किलोच्या वर वजन होतं. असा माणूस पाण्यात पडला तर पोहता येऊनसुद्धा बुडणार, आमची कथा मला इथेच सुचली.

१९९० ला सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, १९९२ पासून परदेशातल्या भारतीयांना ड्युटी भरून ५ किलो सोनं आणता येऊ लागलं, चोरट्या सोन्यातली मजा गेली. माल उतरवायच्या वाटा मात्र राहिल्या. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं, १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली, आणि पुढे त्या खटल्यात कस्टमचे आणि पोलीस खात्याचे लोकही दोषी ठरले. हे आम्ही मुद्दाम कथेत घेतलं नाहीये, त्याची करमणूक करायला मन होत नाही.

सुपारीच्या वाडीतलं सोनं म्हटलं की लोकांना दिवेआगर आठवणारच. १९९७ ला वाडीत खणताना मिळालेला सोन्याचा गणपतीचा मुखवटा २०१२ ला दोन पहारेकऱ्यांचा खून करून चोरला आणि वितळवला. आठवू दे, पण आमचं सोनं तेवढं जुनं नाही.

आमचा फौजदार अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. जुना खून गावाने लपवला हे समजू शकतं, माल उतरवायला अर्धं गाव हजर, कोण तोंड उघडणार? पण ज्या कायद्याची भीती होती तोच आता राहिला नाही, त्या बिस्किटांपायी आज कुणी म्हाताऱ्या तांडेलाच्या (मचव्याच्या म्होरक्याच्या) मागे लागणार नाहीये. खुनाला मात्र मुदत नसते, चाळीस वर्षांनीही केस उभी राहते. म्हणजे सापळा सापडल्यावर घाबरायचं कारण अख्ख्या गावात एकाच माणसाला आहे, आणि पंचनाम्याला पंच म्हणून सही करायला तोच सगळ्यात आधी पुढे आलेला असतो.